वेढ्याचा जमाखर्च : आधुनिक युद्धातील लढाई कशी अभ्यासावी

पानिपतचा विषय निघाला की मराठी माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. विश्वासरावांना गोळी लागली ही पहिली, आणि छावणीतला दाणागोटा संपला होता ही दुसरी. बोलण्यात अधिक वेळ पहिलीवर जातो. लढाई मात्र दुसरीमुळे समजते. आधुनिक काळातल्या लढाया वाचताना आपण ही दुसरी गोष्ट विचारायचे विसरतो. स्टालिनग्राड म्हटले की बर्फ आठवतो, कोहिमा म्हटले की टेनिस कोर्टावरची हातघाई आठवते, आणि सगळे वाचून झाल्यावरही हा पक्ष का जिंकला व तो का हरला, याचे उत्तर ‘जिद्द’ या एका शब्दापलीकडे जात नाही. जिद्द दोन्ही बाजूंना असते, म्हणून तिने निकालाचा उलगडा होत नाही. मुंबईत राहून, नोकरी-धंदा सांभाळून, लष्करी पार्श्वभूमी नसताना एखादी लढाई नीट अभ्यासायची असेल, तर कोणत्या क्रमाने जावे हे येथे सांगतो.

पहिली निवड महत्त्वाची आहे. नवशिक्याने सोमची किंवा कुर्स्कची लढाई घेऊ नये. आघाडी लांबवर पसरलेली, तुकड्यांची नावे पानोपानी बदलणारी, आणि महिना उलटला तरी नेमके काय घडले हे हाताला न लागणारे, असा अनुभव येतो आणि वही कपाटात जाते. त्याऐवजी वेढा घ्यावा. वेढ्याची जागा ठरलेली असते, सुरुवातीची आणि शेवटची तारीख ठाऊक असते, आणि आत असलेल्या माणसांची व धान्याची मोजदाद शक्य असते. माझी शिफारस चार वेढ्यांची आहे : मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कूत (१९१५-१६), स्टालिनग्राड (१९४२-४३), इंफाळ-कोहिमा (१९४४) आणि व्हिएतनाममधील दिएन बिएन फू (१९५४). चारही ठिकाणी वेढ्यात सापडलेल्या सैन्याने आकाशातून रसद मिळवण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे चौघांची तुलना एकाच मापाने करता येते.

त्यातही मुंबईकराने कूतपासून सुरुवात करावी. तेथे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेले सैन्य म्हणजे ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन. तिच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या. या मोहिमेचा पुरवठा मुंबई बंदरातून बसऱ्याला जात असे. म्हणजे हा वेढा आपल्यापासून वाटतो तितका दूरचा नाही.

नकाशा स्वतः काढावा

छापील नकाशा समोर ठेवावा, पण अभ्यास त्याच्यावर करू नये. चार्टपेपरवर पेन्सिलीने स्वतः नकाशा काढावा, आणि त्यावर सैन्य सर्वांत शेवटी मांडावे. आधी नद्या, मग रस्ते, मग लोहमार्ग, मग कोठारे. कोठारापासून आघाडीपर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये लिहिण्यापेक्षा दिवसांत लिहावे, कारण मुंबईत ज्याने आयुष्य काढले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको : आपण विरार किती किलोमीटर आहे ते सांगत नाही, किती वेळ लागतो ते सांगतो.

कूतचा नकाशा सोपा आहे. टायग्रिस नदीने घातलेल्या वळणाच्या पोटात हे गाव वसलेले आहे; तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला जमीन. चौथ्या बाजूवर तुर्कांनी खंदक खणले की आत शिरणे कठीण होते, आणि तितकेच बाहेर पडणेही. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल टाउनशेंड यांनी ही जागा का निवडली, या प्रश्नाचे निम्मे उत्तर नकाशा काढतानाच मिळते, आणि ती जागा सापळा का ठरली याचेही.

स्टालिनग्राड व्होल्गाच्या पश्चिम काठाने उत्तर-दक्षिण पसरलेले लांबट, चिंचोळे शहर होते. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंतची पट्टी डोळ्यांसमोर आणावी आणि खाडीच्या जागी रुंद नदी कल्पावी, म्हणजे तेथे रस्त्यारस्त्यांवर का लढावे लागले ते लक्षात येते. इंफाळच्या नकाशावर सर्वांत जाड रेघ दिमापूर-कोहिमा-इंफाळ या रस्त्याची काढावी. दिमापूरला रेल्वे होती आणि प्रचंड कोठार होते. कोहिमा त्या रस्त्यावरच्या उंच धारेवर. कोहिमाचे महत्त्व तेथील माणसांमुळे किंवा बंगल्यांमुळे नव्हते, रस्ता तेथून जात होता म्हणून होते.

खप, शिल्लक, आवक

आता मुख्य काम. दाणाबंदरातला कोणताही व्यापारी रोज संध्याकाळी ज्या तीन आकड्यांकडे पाहतो, तेच तीन रकाने वहीत आखावेत : रोजचा खप किती, शिल्लक किती, आवक किती. प्रत्येक नोंदीपुढे तारीख घालावी. वेढ्याच्या दोन्ही बाजूंसाठी स्वतंत्र पाने ठेवावीत, कारण वेढा घालणाऱ्यालाही जेवावे लागते. पुष्कळ लेखक नेमके हेच विसरतात.

कूतचे पान असे भरत जाते. ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा पूर्ण झाला. आत सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे बिनलढाऊ लोक होतेच, शिवाय गावातले सुमारे ६,००० रहिवासी होते. टाउनशेंड यांनी रहिवाशांना बाहेर काढले नाही. हिवाळ्यात बायका-मुलांना वाळवंटात कसे हाकलायचे, हा विचार माणुसकीचा होता. पण खपाच्या रकान्यात तो आकडा शेवटपर्यंत राहिला. शिल्लकेच्या रकान्यात त्याहून मोठा घोटाळा आहे. सुरुवातीच्या संदेशांत धान्य थोडेच दिवस पुरेल असे कळवले गेले, त्यामुळे सुटकेसाठी निघालेल्या सैन्याने पुरती जमवाजमव होण्याआधीच जानेवारीत हल्ले सुरू केले आणि फार मोठी हानी सोसली. नंतर गावातील घरांची झडती घेतल्यावर लपवलेले धान्य सापडले आणि मुदत कित्येक आठवड्यांनी वाढली. शिल्लक आधीच नीट मोजली असती तर घाई करावी लागली नसती. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले; वेढ्यात अडकलेल्या सैन्यापेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

आवकेचा रकाना एप्रिल १९१६ पर्यंत कोराच राहतो. मग विमानांतून पोती टाकण्यास सुरुवात झाली. त्या काळची विमाने ती. दोन आठवड्यांत सगळे मिळून आठ टनांच्या आसपास सामान पडले, आणि त्यातले काही नदीत वा शत्रूच्या हद्दीत गेले. गणित स्वतः करून पाहावे : आठ टन भागिले चौदा दिवस, भागिले सुमारे तेरा हजार माणसे, म्हणजे दिवसाला माणशी ४५ ग्रॅमसुद्धा नाही. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन रसद घेऊन नदीतून निघाली, पण तुर्कांच्या माऱ्यात आणि नदीत आडव्या बांधलेल्या तारेत अडकून ती त्यांच्या हाती पडली. एक बोट पोहोचली असती तर विमानांच्या तीसपटींहून अधिक माल आत गेला असता. २९ एप्रिलला सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली. त्यांतले हजारो जण पुढे कैदेत मेले.

या पानावर आणखी एक नोंद हवी, जी टनांत मोजता येत नाही. घोडे कापून मांस वाटले जाऊ लागले तेव्हा अनेक हिंदी सैनिकांनी ते खाण्यास नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती मागवली गेली, तरीही कित्येकांनी फार उशिरापर्यंत हात लावला नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लिखाणात याबद्दल वैतागाचा सूर आढळतो. मला तो सूर अन्याय्य वाटतो. ज्या सैन्याने आपल्या शिपायाचे ताट कसे असते हे पिढ्यान्पिढ्या पाहिले होते, त्याच्या शिधाखात्याने वेढ्यात काय घडेल याचा अंदाज आधी बांधायला हवा होता. म्हणून ‘शिल्लक’ लिहिताना खाण्याजोगे काय आणि कोणासाठी, हे दोन उपरकाने जरूर करावेत.

हेच तीन रकाने घेऊन स्टालिनग्राडकडे जावे. १९ नोव्हेंबर १९४२ रोजी सोव्हिएत सैन्याने शहरावर नव्हे, तर जर्मनांच्या बगलेवरील रुमानियन सैन्यावर हल्ला केला, आणि २३ नोव्हेंबरला कलाचजवळ दोन्ही चिमटे मिळाले. आत जर्मन बाजूची अडीच लाखांच्या आसपास माणसे अडकली. विमानांनी रोज ५०० टन पोहोचवू असे हवाई दलप्रमुख गोअरिंगने हिटलरला सांगितले; प्रत्यक्षात सरासरी शंभर टनांच्या थोडी पुढे गेली. माणशी अर्धा किलोही नाही, आणि त्यातच पेट्रोल व दारूगोळा. १२ डिसेंबरला जर्मन सेनापती मानस्टाइनने बाहेरून सुटकेसाठी चढाई केली, पण तो सुमारे ५० किलोमीटरवर अडला. जानेवारीत पितोम्निक आणि गुमराक ही विमानतळे गेल्यावर हिशेब करण्यासारखे काही उरले नाही. २ फेब्रुवारी १९४३ रोजी सगळे संपले. सुमारे ९१,००० कैदी झाले.

इंफाळचे पान उघडले की वेढ्याचा निकाल उलटा कसा लागतो ते दिसते, आणि माझ्या मते चारही वेढ्यांत हे पान सर्वांत शिकवणारे आहे. येथे आत अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी सैन्याचा खपाचा रकाना आधी कमी केला गेला : लढण्यास न लागणारी हजारो माणसे आणि जखमी विमानांनी बाहेर पाठवण्यात आले. मग आवक वाढवली गेली. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत सुमारे १९,००० टन सामान आणि १२,००० हून अधिक ताज्या दमाचे सैनिक विमानांनी आत आणले. तत्पूर्वी मार्चमध्ये पाचवी हिंदी डिव्हिजन ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावरील आराकानमधून थेट विमानांत भरून आघाडीवर आणली गेली होती. बाहेरच्या जपानी सैन्याचे पान याच्या शेजारी ठेवावे. जनरल मुतागुची यांनी सुमारे तीन आठवड्यांचा शिधा बरोबर देऊन माणसे डोंगरांपलीकडे पाठवली. बाकीचे इंफाळच्या कोठारांतून मिळेल हा हिशेब होता. शत्रूची शिल्लक आपल्या आवकेत धरणे, हा व्यापारात दिवाळखोरीचा मार्ग आहे, आणि युद्धातही.

या हिशेबात एकेक दिवसाला किंमत होती हे सांगशाकवरून कळते. मार्च १९४४ च्या चौथ्या आठवड्यात त्या नागा टेकडीवर हिंदी छत्रीधारी ब्रिगेडने, जिच्या जोडीला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती, जपान्यांना काही दिवस रोखून धरले. टेकडी अखेर सोडावी लागली. नकाशावर तो पराभव दिसतो. पण तीन आठवड्यांच्या शिध्यातले ते दिवस होते. वहीत हा पराभव कोणत्या रकान्यात लिहायचा, याचा विचार करण्यात एक संध्याकाळ घालवावी. मे महिन्याच्या अखेरीस कोहिमासमोरच्या सातो या डिव्हिजन-सेनापतींनी वरिष्ठांचा हुकूम नसताना सैन्य मागे घेण्यास सुरुवात केली, त्याचे कारण त्यांच्या शिल्लकेच्या रकान्यातच आहे.

दिएन बिएन फूबद्दल थोडक्यात. फ्रेंचांनी दरीतल्या धावपट्टीवर सगळा भरवसा ठेवला. भोवतालच्या डोंगरांवर तोफा चढवता येणार नाहीत असे त्यांनी धरले होते. वेढा घालणाऱ्या व्हिएतनामी सैन्याचे सेनापती जनरल ज्याप यांच्या माणसांनी त्या हातांनी ओढून चढवल्या. १३ मार्च १९५४ ला मारा सुरू झाला आणि मार्चअखेर धावपट्टी निकामी झाली. पुढची आवक केवळ छत्रीने, आणि तळ जसजसा आकसत गेला तसतशा छत्र्या शत्रूच्या अंगणात उतरू लागल्या.

दोन कॅलेंडरे

वहीच्या मागच्या बाजूला दोन कॅलेंडरे चिकटवावीत. एक हवामानाचे, दुसरे राजकारणाचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत ज्याने लोकलची वाट पाहिली आहे त्याला, पावसाळ्याआधी मणिपूर घेण्याची मुतागुचींना एवढी घाई का होती, हे एका वाक्यात कळेल. कूतच्या सुटकेचे शेवटचे हल्ले टायग्रिसच्या वसंत ऋतूतल्या पुरात, चिखलात झाले. दिएन बिएन फूचे दुसरे कॅलेंडर तर लढाईइतकेच महत्त्वाचे आहे : तळ ७ मे रोजी पडला आणि इंडोचायनाबद्दलची जिनिव्हातली बोलणी ८ मे रोजी सुरू झाली. इंडोचायनात फ्रेंचांकडे इतरत्र बरेच सैन्य शिल्लक होते, पण पॅरिसमध्ये लढण्याची इच्छा शिल्लक नव्हती. हा रकाना टनांत मावत नाही, म्हणून तो कॅलेंडरात लिहावा.

कोणाला कोणत्या दिवशी काय ठाऊक होते

शेवट ठाऊक असलेला वाचक फार लवकर शहाणा होतो. स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या जर्मन सैन्याचा सेनापती पाउलस याने २४ नोव्हेंबरलाच बाहेर पडायला हवे होते, टाउनशेंडने कूतला थांबायलाच नको होते, असे आपण खुर्चीत बसून सहज म्हणतो. यावर उपाय असा की प्रत्येक नोंदीपुढे ती गोष्ट प्रत्यक्ष घडल्याची तारीख आणि ती सेनापतीला कळल्याची तारीख, अशा दोन तारखा लिहाव्यात. दोन्हींत जेथे मोठे अंतर पडते तेथे थांबावे. कूतमधल्या धान्याची गोष्ट अशा अंतरानेच घडली.

यासाठी साधने कोणती? सेनापतींच्या आठवणी शेवटी वाचाव्यात. त्या बहुधा बचावासाठी लिहिलेल्या असतात. आधी तुकड्यांच्या युद्धदैनंदिनी आणि सरकारी इतिहास पाहावेत, आणि दोन्ही पक्षांचे पाहावेत. आपल्या बाजूच्या हानीचे आकडे सर्वसाधारणपणे विश्वसनीय असतात, कारण प्रत्येक मृतामागे निवृत्तिवेतनाची फाईल असते. शत्रूच्या हानीचे आपण सांगितलेले आकडे मात्र नेहमी पेन्सिलीने लिहावेत. पुस्तकांसाठी फोर्टमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथे जावे. ग्रंथपालाला नुसते ‘महायुद्धावरचे पुस्तक’ न मागता लढाईचे नाव, वर्ष आणि पलटण सांगावी. त्याने काम निम्म्यावर येते.

वळण कशाला म्हणावे

आता कळीचा प्रश्न. ‘निर्णायक वळण’ हा शब्द लेखक फार स्वस्तात वापरतात. माझी कसोटी अशी : त्या तारखेनंतर पराभूत पक्षाला आधी शक्य असलेली कोणती गोष्ट करता येईनाशी झाली, ते एका वाक्यात लिहून दाखवावे. लिहिता आले नाही तर ती मोठी लढाई असेल, वळण नव्हे.

या कसोटीवर कूत उतरत नाही. शरणागती अपमानास्पद होती, चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला; पण ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड यांच्या सैन्याने बगदाद घेतले. ब्रिटिशांना आधी जे करायचे होते ते नंतरही करता आले. मधल्या काळात बसऱ्याचे बंदर सुधारले, नदीत बोटी वाढल्या, लोहमार्ग टाकले गेले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेचे वळण शोधायचे असेल तर ते बसऱ्याच्या धक्क्यावर सापडते. इंफाळ-कोहिमा मात्र कसोटीवर चोख उतरते : २२ जून १९४४ ला रस्ता खुला झाल्यानंतर जपानला ब्रह्मदेशातून पुन्हा चढाई करता आली नाही, आणि पुढच्या वर्षी ब्रह्मदेशही गेला. स्टालिनग्राडबद्दल मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. त्यानंतरही जुलै १९४३ मध्ये जर्मनांनी कुर्स्कला मोठा हल्ला केला, तेव्हा ‘जर्मनांना चढाईच करता येईना’ असे लिहिणे चूक ठरेल. कॉकेशसच्या तेलापर्यंत पोहोचण्याची शक्यता संपली, एवढे निश्चित लिहिता येते.

वही घेऊन बाहेर पडावे

वाचन झाल्यावर दोन रविवार शहरात फिरण्यासाठी ठेवावेत. काळाघोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले, कारण त्याआधी युद्धकाळात ती इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरात होती. कुलाब्याचे अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ उभारले गेले. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून निघालेल्या सैन्यात लढणाऱ्यांपेक्षा बाजारबुणगे अडीचपटींहून अधिक होते, एवढे सांगितले तरी खपाचा रकाना कसा भरायचा हे वाचकाला कळेल. व्हिक्टोरिया डॉकपाशी जाताना १४ एप्रिल १९४४ ही तारीख वहीत शोधावी. त्या दुपारी कापूस आणि स्फोटके एकत्र भरलेली ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली, गोदी आणि धान्याची गुदामे जळाली, शेकडो माणसे मेली; त्याच दिवशी कोहिमाची शिबंदी वेढ्यात होती आणि सुटकेला अजून चार दिवस होते. दोन्ही नोंदी एकाच पानावर लिहाव्यात.

शेवटी मस्जिद बंदर स्टेशनजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये जावे. पहिल्या महायुद्धात बोटींवर मेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. परत आल्यावर वहीत चौथा रकाना आखावा, आवकेच्या शेजारी, आणि त्यात प्रत्येक टन कोणी वाहून आणला ते लिहावे : कूतच्या पानावर नदीतल्या बोटींवरचे खलाशी, इंफाळच्या पानावर पावसाळी ढगांतून डाकोटा विमाने नेणारे वैमानिक, आणि दिएन बिएन फूच्या पानावर, वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला, तांदळाची पोती लादलेल्या सायकली डोंगरातून ढकलत नेणारी माणसे.